'मॅश' डिस्कवर घ्यायची आहे : पूर्ण संच की सुटी पर्वे, आणि हरवलेल्या एका मिनिटाचे काय?

जागरण

कोरियातील युद्ध तीन वर्षे चालले आणि त्या युद्धातील एका फिरत्या लष्करी रुग्णालयावर बेतलेली 'मॅश' ही अमेरिकन मालिका १९७२ ते १९८३ अशी अकरा पर्वे चालली, हा विनोद जुनाच आहे. पण मालिका विकत घ्यायची वेळ आली की तोच आकडा अंगावर येतो. भाग अडीचशेहून अधिक आहेत आणि सलग लावले तर शंभर तास पुरत नाहीत. मी ही मालिका तरुणपणी तुकड्यातुकड्यांनी पाहिली. मधले कितीतरी भाग हुकले, काही चारचारदा पाहिले गेले, आणि शेवटचा दीर्घ भाग तर आजवर अखंड पाहायला मिळालेलाच नाही. ऑनलाइन सेवांवर आज असलेली मालिका उद्या तिथे असेलच याची खात्री नसते, म्हणून डिस्क घेऊन ठेवाव्यात असे ठरवले आहे.

खरेदीपूर्वी चाचपणी म्हणून एका स्नेह्यांकडून पहिल्या पर्वाचा संच आणला आणि तिथूनच शंकांना सुरुवात झाली. त्यांचा संच युरोपात विकला गेलेला आहे. माझ्याकडे याच मालिकेतील एका भागाची अमेरिकन डिस्क होती, तिच्यावर तो भाग साडेपंचवीस मिनिटे चालतो. स्नेह्यांच्या डिस्कवर तोच भाग प्लेयरच्या घड्याळाप्रमाणे साडेचोवीस मिनिटांत संपला. मी दोनदा लावून पाहिले. एका भागामागे एक मिनिट कापले असेल, तर संपूर्ण मालिकेत चार तासांहून अधिक मजकूर नाहीसा झाला, असा त्याचा अर्थ होतो.

दुसरी अडचण हशाची आहे. पूर्वी तो खटकत नव्हता. आता मात्र जखमी सैनिकांच्या तंबूबाहेर प्रेक्षकांचा हशा पिकतो तेव्हा कानांना त्रास होतो. तो बंद करता येतो असे ऐकले आहे, ते खरे आहे काय? शिवाय अकरा पर्वांचा एकत्र संच घ्यावा की एकेक पर्व जमवत जावे, आणि बाजारातील डीव्हीडी २००२ नंतरच्या काही वर्षांतल्या असल्यामुळे अधिक स्वच्छ चित्राच्या आवृत्तीची वाट पाहावी काय, याविषयीही जाणकारांनी सांगावे.

फीतवाला

तुमच्या मिनिटाची चोरी बहुधा झालेली नाही. ते संपूर्ण भागावर पसरून खर्च झाले आहे.

'मॅश' ३५ मिलिमीटरच्या फितीवर चित्रित झाली आणि फितीवर सेकंदाला २४ चित्रे असतात. युरोपातील दूरचित्रवाणीच्या पाल पद्धतीत मात्र सेकंदाला २५ चित्रे लागतात. फरक इतका थोडा आहे की तिथली आवृत्ती तयार करताना फीत सरळ जराशी वेगाने पळवली जाते आणि आवाजही तिच्याबरोबर पळतो. हिशेब करून पाहा. साडेपंचवीस मिनिटे म्हणजे १५३० सेकंद. त्याला २४ ने गुणून २५ ने भागले की १४६९ सेकंद उरतात, म्हणजे २४ मिनिटे २९ सेकंद. तुमच्या घड्याळाने दाखवलेला आकडा नेमका हाच आहे. याची दुसरी खूण कानाला पटते. वेग वाढला की सूरही सुमारे चार टक्क्यांनी चढतो. हे अंतर अर्ध्या स्वराहूनही कमी असल्यामुळे एरवी लक्षात येत नाही, पण ज्यांच्या कानात शीर्षकसंगीत पूर्वीपासून बसलेले आहे त्यांना ते कोणीतरी घाईत वाजवून टाकल्यासारखे वाटते. दोन्ही डिस्क एकामागून एक लावून केवळ सुरुवातीची धून ऐका.

खरी काटछाट वेगळी दिसते. सत्तरच्या दशकात अमेरिकेतील अर्ध्या तासाच्या मालिकेचा भाग पंचवीस मिनिटांच्या आसपास असे. नव्वदच्या दशकापर्यंत जाहिराती वाढून तो बावीस मिनिटांवर आला. साहजिकच जुन्या मालिका पुन्हा दाखवताना त्यांना नव्या मापात बसवण्यासाठी कात्री लावली गेली, आणि ती बहुतेक वेळा अशा जागी लावली गेली की कथा तुटत नाही पण गंमत जाते : दारातून आत येतानाचे दोन संवाद, एखाद्या दुय्यम पात्राचे गाऱ्हाणे, शेवटच्या जाहिरातीनंतरचा छोटा प्रसंग. म्हणून त्या काळातील कोणत्याही मालिकेचे भाग एखाद्या संचात सरसकट बावीस मिनिटांचे दिसले, तर मूळ प्रतीऐवजी पुनःप्रक्षेपणाची प्रत वापरली असावी अशी शंका जरूर घ्यावी. साडेचोवीस मिनिटांबद्दल ती घेऊ नये.

कोणती आवृत्ती घ्यावी, याला माझे उत्तर अमेरिकन असे आहे. पाल आवृत्तीत ५७६ रेषा आणि अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत ४८० रेषा असल्यामुळे युरोपीय चित्र किंचित रेखीव दिसू शकते, परंतु विनोदी मालिकेत संवादाचा वेग आणि आवाजाची पट्टी मला त्या जास्तीच्या रेषांहून महत्त्वाची वाटते. मात्र तुमचा प्लेयर आधी तपासा. इथे दोन वेगवेगळी कुलुपे आहेत, आणि लोक एकच उघडून फसतात. पहिले कुलूप प्रदेशाचे आहे : अमेरिका व कॅनडासाठीच्या डीव्हीडीवर १ हा आकडा असतो, तर युरोप व जपानसाठीच्या डीव्हीडीवर २. दुसरे कुलूप चित्रपद्धतीचे आहे. प्लेयरने डिस्क स्वीकारली तरी टीव्हीला ती पद्धत कळली नाही, तर चित्र कृष्णधवल दिसते किंवा उभे सरकत राहते.

शल्यगृह

हशा बंद करता येतो. डीव्हीडीच्या मेन्यूत आवाजाच्या पर्यायांमध्ये इंग्रजी दोनदा दिसते, एकदा लाफ ट्रॅकसह आणि एकदा त्याच्याशिवाय. दुसरी निवडली की काम झाले. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण अकराही पर्वे हशासकट पाहून मोकळे होतात. माझा प्लेयर ही निवड प्रत्येक डिस्कबरोबर विसरतो, त्यामुळे डिस्क घातली की आधी मेन्यूत जायचे, ही आता सवयच झाली आहे.

हशा काढून पाहणे म्हणजे मूळ कृतीत ढवळाढवळ करणे आहे, असे कोणी म्हणेल, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. ही मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित झालेलीच नव्हती. एका कॅमेऱ्याने, चित्रपटासारखी, ती स्टुडिओत आणि मालिबूजवळच्या डोंगराळ भागात चित्रित होत असे, आणि आधीच मुद्रित करून ठेवलेला हशा नंतर चढवला जाई, तोही सीबीएस वाहिनीचा आग्रह होता म्हणून. लॅरी गेल्बार्ट आणि जीन रेनॉल्ड्स या कर्त्यांना तो नकोच होता. निदान शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत तो वापरायचा नाही, एवढी सवलत त्यांनी मिळवली. डिस्कवर हे स्पष्ट ऐकू येते. मालिकेचा नायक, शल्यविशारद हॉकआय, शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी एकामागून एक कोट्या करतो आणि कोणीही हसत नाही. प्रसंग बदलून तोच माणूस भोजनाच्या तंबूत येतो आणि नळ सोडावा तसा हशा सुरू होतो. ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका हशाविना दाखवली होती, तेव्हा एका अख्ख्या देशाने ती तशीच पाहिली आहे.

एक सूचना करून ठेवतो. चौथ्या पर्वाचा अखेरचा भाग, 'द इंटरव्ह्यू', कृष्णधवल आहे. युद्धभूमीवर आलेला वार्ताहर एकेकाची मुलाखत घेतो, असा तो भाग आहे आणि तो मुद्दामच तसा केला आहे. फीतवाला यांनी सांगितलेला चित्रपद्धतीचा दोष समजून टीव्हीच्या जोडण्या उपसू नयेत; मी उपसल्या होत्या.

मधली_रांग

शल्यगृह यांची माहिती बिनचूक आहे, तरीही पहिली तीन पर्वे हशासकट पाहावीत असे माझे मत आहे. त्या भागांचे संकलन हशाला जागा ठेवून केलेले जाणवते. हशा काढला की प्रत्येक विनोदानंतर सेकंदभराची पोकळी उरते, पात्रे एकमेकांकडे पाहत थांबतात, आणि हलकाफुलका प्रसंग उगाच अवघडलेला वाटू लागतो. पुढच्या पर्वांमध्ये मालिका गंभीर होत गेली, हशाही दबक्या आवाजात येऊ लागला आणि काही भागांत तो नाहीच; तिथे दुसरा पर्याय अवश्य निवडावा. मात्र हा पर्याय प्रत्येक जुन्या मालिकेत असेल अशी अपेक्षा ठेवू नका. 'आय लव्ह ल्युसी' १९५१ पासून खऱ्या प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी फितीवर चित्रित होत असे. तिथला हशा त्या सभागृहातलाच आहे, कलाकार तो ओसरेपर्यंत थांबलेले दिसतात, आणि तो वेगळा काढता येत नाही.

आता वाट पाहण्याविषयी. नव्या आवृत्तीतून चित्र सुधारेल की नाही हे मालिका कशावर चित्रित झाली यावर ठरते. फितीवर चित्रित झालेल्या मालिकेतून आजही पुष्कळ बारकावे नव्याने उतरवता येतात. व्हिडिओ टेपवरच्या मालिकेत, उदाहरणार्थ 'ऑल इन द फॅमिली'मध्ये, टेपवर जेवढे उमटले तेवढेच आहे. तिची ब्लू-रे (डीव्हीडीहून कितीतरी जास्त माहिती मावणारी डिस्क) निघाली तरी डिस्कची संख्या कमी होईल, चेहरे फारसे उजळणार नाहीत. 'मॅश' पहिल्या गटात मोडते, म्हणजे सुधारणेला वाव आहे.

तरीही मी थांबलो नसतो. नव्या आवृत्तीबरोबर पुष्कळदा नवी चौकट येते. जुन्या मालिका जवळजवळ चौकोनी, चारास तीन या प्रमाणातल्या पडद्यासाठी रचलेल्या आहेत. त्यांना आजच्या रुंद पडद्यावर कडेपासून कडेपर्यंत पसरवायचे तर वरचा आणि खालचा भाग छाटावा लागतो. २०२१ मध्ये 'साइनफेल्ड' नेटफ्लिक्सवर आली तेव्हा रस्त्यातील खड्ड्यावरच्या भागात ज्या खड्ड्याकडे पाहून पात्रे बोलतात तो खड्डाच चौकटीबाहेर गेला होता. 'फ्रेंड्स'ची २०१२ ची ब्लू-रे रुंद चौकटीत आहे आणि तिच्यात भाग प्रक्षेपित झाले त्या लांबीचे आहेत. अमेरिकेतील आधीच्या डीव्हीडीवर मात्र चौकट जुनी आहे आणि अनेक भागांत प्रक्षेपणाच्या वेळी वगळलेले प्रसंग जोडलेले आहेत. चित्र हवे तर एक संच आणि मजकूर हवा तर दुसरा, अशी ती विचित्र निवड आहे. हाती असलेली 'मॅश'ची डीव्हीडी मूळ चौकटीत आहे, एवढे मला तिच्यासाठी पुरेसे वाटते.

संगीताच्या बाबतीतही ही मालिका सुदैवी आहे, कारण तिचा भार गाजलेल्या गाण्यांवर नाही. ज्या मालिकांचा तसा आहे त्या घेताना फार सावध राहावे लागते. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही १९७८ ते १९८२ मधील मालिका एका रेडिओ केंद्रावर घडते आणि त्या काळची खरी गाणी तिच्यात जागोजागी वाजतात. डिस्क काढताना गाण्यांचे हक्क पुन्हा घ्यावे लागतात आणि ते महाग पडतात, म्हणून २००७ मध्ये आलेल्या पहिल्या पर्वात कितीतरी गाण्यांच्या जागी किरकोळ वाद्यसंगीत घातले गेले. गाण्यावर बेतलेला संवाद तसाच राहिला आणि गाणे भलतेच वाजू लागले. २०१४ च्या पूर्ण संचात त्यातील बरीचशी गाणी परत आली. नाव तेच आणि भागही तेच असूनही या दोन खरेदी एकसारख्या नाहीत.

तबकडी

पूर्ण संच की सुटी पर्वे, यावर लिहितो.

सर्व काही एकदम हवे असेल तर २००६ मधील 'मार्टिनीज अँड मेडिसिन' हा संच पाहावा. त्यात ३६ डिस्क आहेत : अकरा पर्वांच्या प्रत्येकी तीन, ज्यावरून मालिका निघाली तो रॉबर्ट ऑल्टमन यांचा १९७० चा चित्रपट, आणि दोन डिस्कवर पूरक साहित्य. हा ३६ चा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिल्या पर्वात २४ भाग आहेत, म्हणजे एका डिस्कवर आठ, आणि चांगल्या चित्रासाठी डीव्हीडीवर याहून जास्त दाटी सोसत नाही. कोणी अकराही पर्वे दहा-बारा डीव्हीडींवर देऊ करत असेल, तर चित्र पिळून बसवलेले आहे आणि संच बहुधा चोरटा आहे. डिस्क उलटी करून उजेडात धरली तरी समजते. कारखान्यात छापलेली डीव्हीडी चंदेरी किंवा फिकट सोनेरी दिसते. घरच्या यंत्रावर लिहिलेलीवर जांभळट झाक असते.

मात्र तुमच्या जागी मी असतो तर सुटी पर्वे घेतली असती, आणि तीही वापरलेली. पहिली तीन पर्वे ही एक मालिका आहे आणि पुढची आठ जवळजवळ दुसरी. चौथ्या पर्वात रुग्णालयाचे नवे प्रमुख कर्नल पॉटर आणि शल्यविशारद बी. जे. येतात, त्याच पर्वानंतर गेल्बार्ट मालिका सोडून जातात, सहाव्यात विंचेस्टर हा आणखी एक शल्यविशारद येतो. विनोदाचा पोत दर वेळी बदलतो. सर्वांनाच सर्व पर्वे सारखी आवडत नाहीत. पहिली चार घ्या, पाहा, आणि मग पुढचे ठरवा. (तिसऱ्या पर्वाचा शेवट तुम्हाला आठवत नसेल, तर तो कोणाला विचारू नका आणि त्याबद्दल कुठे वाचूही नका.) अकरावे पर्व मात्र कोणत्याही परिस्थितीत घ्या. २८ फेब्रुवारी १९८३ रोजी दाखवलेला अखेरचा भाग जाहिरातींसह अडीच तासांचा होता; पुनःप्रक्षेपणात त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे केले गेले. तुम्ही तो अखंड पाहिलेला नाही, याचे कारण हेच असावे. त्या भागातला वणवा खरा आहे : १९८२ च्या शरद ऋतूत मालिबूजवळचा बाहेरचा सेट आगीत जळला आणि लेखकांनी ती आगच कथेत घेतली.

वापरलेला संच घेताना एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. दोन थरांची डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, आणि दुसरा थर बहुतेक वेळा बाहेरून परत आत. त्यामुळे बाहेरच्या कडेला खराबी असेल तर पहिला आणि शेवटचा भाग निर्धोक चालतो आणि मधलेच अडकतात. विक्रेता पहिला भाग लावून दाखवतो आणि आपण समाधानाने घरी येतो. मी असाच एक संच आणला होता. शंका येऊन मधले भाग लावेपर्यंत परत देण्याची मुदत संपली होती. तेव्हा प्रत्येक डिस्कवरचा चौथा-पाचवा भाग आधी लावून पाहावा. पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक चऱ्यांची फार धास्ती घेऊ नये. डीव्हीडीचा माहितीचा थर दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मधोमध असतो आणि वाचणारा किरण अशा चऱ्या बहुधा ओलांडून जातो. पुठ्ठ्याच्या घट्ट खाचांत डिस्क कोंबलेल्या असतील, तर मात्र काढता-घालताना खोल ओरखडे पडलेले असू शकतात. ते नीट पाहून घ्यावेत.

जागरण

सर्वांचे आभार. काल रात्री दोन्ही डिस्कवरची सुरुवातीची धून एकामागून एक ऐकली. फीतवाला यांचे म्हणणे खरे निघाले. युरोपीय डिस्कवरची गिटार किंचित चढ्या सुरात वाजते, आणि एकदा ते कानाला कळल्यावर आता न ऐकू येणे अशक्य झाले आहे. स्नेह्यांना हे सांगितले नाही.

पहिली चार आणि अकरावे अशी पाच पर्वे, अमेरिकन आवृत्तीची, वापरलेली घेतली आहेत. प्लेयर दोन्ही कुलुपे उघडतो, हे आधी पाहून घेतले. सगळ्या डिस्कवरचे चौथे-पाचवे भाग लावून पाहिले. दुसऱ्या पर्वाच्या एका डिस्कवर पाचवा भाग सहा मिनिटांनंतर थबकला, चित्राचे चौकोन झाले आणि प्लेयर आपोआप मेन्यूवर परत गेला. पहिले तीन भाग मात्र सुरळीत चालत आहेत. डिस्क परत करावी काय?

तबकडी

आधी दिव्याखाली तिरपी धरून बाहेरची कड पाहा. डिस्क काढताना अंगठा नेमका तिथेच टेकतो. तसा ठसा दिसला, तर मऊ सुती कापड साध्या पाण्यात ओले करून पिळून घ्या आणि मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसू नका, कारण डिस्कवरच्या माहितीच्या गोल रेघेच्या दिशेने पडलेला चरा प्लेयरला ओलांडता येत नाही. कोरडी झाल्यावर तोच भाग पुन्हा लावा.

जागरण

अंगठ्याचाच ठसा होता, आणि आकारावरून पाहता तो माझाच असावा. पाचवा भाग शेवटपर्यंत चालला, साडेपंचवीस मिनिटे.